कानमुशी आणि धुऱ्यावरचा मोह

"आगपेटी दे इकडे," मी म्हटलं.

"नाही देत. का करतेस?" आई म्हणाली.

फाल्गुन लागला होता. आसगावात आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, यांच्यामधल्या उंच बांधावर, मोहाचं एक म्हातारं झाड आहे. त्याच्याखाली आम्ही दोघी मायलेकी सकाळच्या उन्हात समोरासमोर उभ्या होतो. आई सत्तरी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला, मुठीत आगपेटी. मी बेचाळीस वर्षांची, शिकलीसवरलेली, नऊ वर्षं समुद्रकाठी नोकरी करून घरी परतलेली, आणि उधळलेली गाय अडवावी तशी दोन्ही हात पसरून उभी. माझ्या पायांमागे वाळक्या पानांत वीतभर उंचीचं एक रोप होतं. तेही मोहाचंच. मीच पावसाळ्यात लावलेलं.

म्हाताऱ्या झाडाचं खोड आतून पोकळ झालं होतं. आदल्या वैशाखात वावधन आलं, आमच्याकडे वादळाला वावधन म्हणतात, आणि त्याची सगळ्यात मोठी फांदी कडाडून बांधीत येऊन पडली. अशी आणखी एक-दोन वावधनं आली की झाडही जाणार, हे दिसत होतं. ते जायच्या आत त्या धुऱ्यावर दुसरा मोह उभा करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. फार मोठी गोष्ट नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

"मोह कोनी लावते का वो?" आई म्हणाली. "आंबा लावतेत, जांब लावतेत. मोह तं आपोआप येते."

"मग आला का आपोआप? दाखव एक तरी."

अडली की आई विषय सोडत नाही, फक्त आवाज खाली आणते. "बरं बाई, नाही जाळत. तुया जीव थंड होऊ दे," असं म्हणून तिनं आगपेटी कमरेला खोचली आणि चालू लागली. जाताना नेहमीच्या जागी तिच्या अंगठ्याला ठेच लागली. झाडापासून चार पावलांवर जमिनीत एक खुंट होता, काळा, बोटभर वर आलेला. दरसाल फुलं वेचताना आईला तो लागायचाच, आणि दरसाल ती त्याला त्याच शिव्या द्यायची. "मर मेल्या, तुले का मरन नाही," म्हणत ती लंगडत घरी गेली.

मोहफुलं कशी वेचतात हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना आईचा हट्ट कळायचा नाही. माघात मोहाची पानं गळतात आणि झाडाखाली घोटाभर थर साचतो. मग फाल्गुन-चैत्रात पहाटेपासून फुलं टपटप पडू लागतात, पिवळसर, रसाळ, बोराएवढी. वाळक्या पानांत पडली की ती दिसत नाहीत, आणि पानांखाली विंचू असतो तो निराळाच. म्हणून फुलं सुरू व्हायच्या आधी जो तो आपापल्या मोहाखालची पानं पेटवून देतो. जमीन काळीशार आणि साफ होते. त्या काळ्यावर फूल कसं उठून दिसतं! लहानपणी मी आईबरोबर टोपली घेऊन जायची, आणि जाळायच्या दिवशी काडी मीच ओढणार म्हणून रडून घ्यायची. फुलं संपली की ज्येष्ठात फळं. त्यांच्या बिया, टोळ म्हणतात त्यांना, त्याही तेलासाठी एकूणएक वेचून आणायच्या. एखादी चुकून राहिली, रुजली, तर पुढच्या फाल्गुनात पानांबरोबर जळून जायची.

यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही. आईचे गुडघे आणि डोळे दोन्ही थकले म्हणून मी नोकरी सोडून घरी आले, आणि एकदा सहज शिवारातून फिरत असताना लक्षात आलं की सगळे मोह माझ्या ओळखीचे आहेत. ज्यांच्यावर चढले, ज्यांच्यावरून पडले, तेच. तरणाताठा एकही नाही. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पार तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे त्याच्या बांधापर्यंत. कमरेएवढा नाही, डोक्याएवढा नाही, मांडीएवढ्या खोडाचाही नाही. सगळं गाव म्हाताऱ्यांचं आणि एकाही घरात पाळणा हलत नाही, तसं. असलं काहीतरी मी आधी पाहिलं होतं. तिकडे मात्र ते बरोबर उलटं होतं.

कोकणातल्या एका बंदरावर माझं काम होतं मुशी मोजायचं. मुशी म्हणजे शार्क. होड्या लागल्या की पाट्यांमधून मुशा उपसायच्या, जात ओळखायची, टेप लावून लांबी घ्यायची, नर की मादी ते लिहायचं. सुट्टीत गावी आले की बाया विचारायच्या, "तिकडं का करतेस वो?" मी म्हणायची, "मासोळ्या मोजतो." त्या हसून लोटपोट व्हायच्या. आमच्या तलावावरचे ढिवर, म्हणजे कोळी, मासोळी पकडतात, विकतात, खातात. मासोळी नुसती मोजणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत माझा जीव कानमुशीवर. तिचं डोकं हातोड्यासारखं आडवं असतं आणि त्या हातोड्याच्या दोन टोकांना दोन डोळे. अंडी घालून निघून जाणारी ती मासोळी नाही. दहा-अकरा महिने पोटात पिल्लं वागवते, नाळेनं पोसते, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटावर चक्क बेंबी असते. ती बेंबी भरली आहे की अजून उघडी आहे, हे मी बोट लावून पाहायची, त्यावरून ते किती दिवसांचं ते कळतं. आमच्या बंदरावर अशी बेंबी न भरलेली, हातभर लांबीची पिल्लंच यायची. पाट्याच्या पाट्या. मोठी मादी वर्षात एखादी. एका होडीचा म्हातारा तांडेल माझ्या शेजारी बसून बिडी ओढायचा आणि म्हणायचा, "आमच्या बापानं होडीएवढी कानमुशी पायली बाय. आता ही पोरंच येतात जाल्यान."

तिथे आया उरल्या नव्हत्या आणि इथे लेकरं. एक अरबी समुद्रात, एक आसगावच्या धुऱ्यावर. दोघांनाही मारायचं कोणाच्या मनात नव्हतं. सगळे आपापल्या पोटाचं काम करत होते.

आईला हे पटवायचंच असं मी मनावर घेतलं. माझं डोकं लवकर फिरतं, पण एकदा मनावर घेतलं की मी पिच्छा सोडत नाही, हा गुण तिचाच. दुपारी मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, मधे रेघ मारली, डावीकडे कानमुशी काढली, उजवीकडे मोह. आई चौथी शिकलेली आहे. चष्मा लावून ती वाकून पाहू लागली.

"हे का, कुदळ आहे का?"

"मासोळी आहे. डोकं असंच असते तिचं."

"अव माय! अन् एका डोळ्यानं इकडं, एका डोळ्यानं तिकडं? तुया मावशीसारखी." ती स्वतःच खूप हसली. मग विचारायला लागली. "हिले फुलं येतात का?"

"नाही."

"मोहाले दात आहेत का?"

"नाही वो माय."

"मग कायले जोडून राहिलीस एकाले एक? एक पान्यात, एक धुऱ्यावर. तुया शिक्षनाचं का लोनचं घालू?"

मी दात-ओठ खाल्ले आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. मोह फुलावर यायला दहा-पंधरा वर्षं घेतो. कानमुशी आई व्हायलाही साधारण तेवढीच घेते. दोघांनाही घाई जमत नाही. मोहाचं टोळ पडल्यावर थोड्या दिवसांत रुजलं नाही तर मरतं, साठवून ठेवता येत नाही. कानमुशीचं पिल्लूही पहिल्या वर्षात किनाऱ्यापाशी उथळ पाण्यातच राहतं, आणि तिथेच जाळी असतात. तिची पिल्लं बेंबी भरायच्या आत पकडतात, मोहाची रोपं दोन पानांवर असताना जळतात. फरक एवढाच की कानमुशीच्या आयाही संपत आल्या, मोहाच्या अजून उभ्या आहेत.

आई सगळं ऐकत होती. बाकी काही तिच्या मनाला लागलं की नाही, ठाऊक नाही. तिनं फक्त एकच गोष्ट उचलली.

"मासोळीले बेंबी?" ती हळूच म्हणाली आणि त्या कुदळीवरून बोट फिरवत राहिली.

मला वाटलं, जिंकले.

चार दिवसांनी तिच्या चष्म्याची काडी मोडली. तो घेऊन मी भंडाऱ्याला गेले, दुकानदारानं दुपार केली, शेवटची गाडी धरून संध्याकाळी परतले. गावात शिरतानाच धुराचा वास आला. मी पिशवी तशीच घेऊन शेताकडे पळाले. मोहाखालची जमीन काळीशार होती, साफ, झाडून काढल्यासारखी. रोपाच्या जागी एक काळी काडी. हात लावला तर तिची राख झाली.

घरी येऊन मी जे बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. "तू मारलंस" एवढं तरी मी तीनदा म्हटलं. आई चुलीपुढे बसून होती.

"फुलं पडून राहिली होती वो," ती म्हणाली. "चष्मा तुयाजवळ. पानात मले फूल दिसेना, रोप कुठून दिसन? म्या त्या बाजूनं नाही लावली काडी. हवा फिरली."

"तू म्हटलं होतंस नाही जाळत!"

"म्हटलं होतं. मग का मोह नुसता पाहात बसू?"

"हो! पाहात बसायचं!"

तेव्हा आई उठली. तिचा आवाज खाली आला. "अन् तू? नऊ वर्ष तिकडं मासोळ्या मोजत बसलीस. पाहातच बसलीस ना? एक तरी वाचवली का त्यातली?"

मी पिशवीतला चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेले. पाचव्या दिवशी मी तिला ते सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. बंदरावर एकदा पूर्ण दिवस भरलेली कानमुशी आली होती. मोठी. धक्क्यावर टाकली आणि तिथेच तिनं पिल्लं टाकली. ओल्या सिमेंटवर ती वळवळत होती, जिवंत, पोटाशी नाळेचे तुकडे. पाणी दहा पावलांवर होतं. तांडेलाला नुसतं विचारलं असतं तरी त्यानं नाही म्हटलं नसतं, तो भला माणूस होता. मी विचारलं नाही. मी टेप काढला. एकेक करून लांबी घेतली, बेंबी 'उघडी' असं लिहिलं, आणि वही मिटेपर्यंत सगळी थंड झाली होती. माझं काम मोजायचं होतं, सोडायचं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं होतं. मला सुचलंच नाही, हे खरं. आणि न सुचल्याची लाज अजून जात नाही.

आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मग म्हणाली, "पानी गरम आहे, आंघोळ करून घे."

पुढच्या पावसाळ्यात मी तीन रोपं लावली. एक शेळीनं खाल्लं. एक धुऱ्याखाली पाणी साचून कुजलं. तिसरं जगलं, आणि मी ठरवलं की या वेळी काडीच ओढायची नाही. पण फुलं वेचायची कशी? नुसतं "जाळू नको" म्हणून आईच्या हातातली टोपली रिकामी ठेवणं हा कुठला न्याय? हे मला आदल्या वर्षीच सुचायला हवं होतं. मी बंदरावर त्या तांडेलाच्या बायकोला फोन लावला. आठ दिवसांनी पवनीच्या बसस्टँडवर एक गठ्ठा आला. जुनं डोलीचं, म्हणजे पिशवीसारखं जाळं, बारीक विणीचं, ज्यात कानमुशीची पिल्लं अडकतात तेच. ते मोहाखाली चार खुंट्यांवर ताणून बांधायचं, फुलं वरच्या वर झेलायची, खाली पानं राहिली काय आणि रोप राहिलं काय!

गठ्ठा सोडला आणि आईनं नाकाला पदर लावला. "अव बाई! हे मोहाखाली बांधतेस? फुलाले बोंबलाचा वास लागन, कोन खाईन?"

वास खरंच भयंकर होता. तलावावर नेऊन मी ते तीनदा धुतलं, राख लावली, रिठे लावले, कुंपणावर उन्हात घातलं. गल्लीतली मांजरं येऊन खाली बसली. येणारा-जाणारा विचारायचा, "का वो ताई, मोहाले मासोळ्या लागल्या का औंदा?" मी म्हणायची, "हो, भाजी घेऊन जा संध्याकाळी." शेवटी आईनं स्वतः नाक लावून लावून चारही बाजूंनी वास घेतला आणि "चालन" म्हणाली.

आणि काय सांगू, जमलं! पहाटे जाऊन पाहिलं तर जाळ्याच्या मधोमध फुलांची रास. माती नाही, राख नाही, विंचू नाही. आईनं टोपली खाली लावली, मी जाळं एका बाजूनं उचललं, फुलं घरंगळत टोपलीत. वाकायचं कामच नाही. आईचे गुडघे इतके खूश की ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीला दाखवायला घेऊन आली. "पाय, माया पोरीनं समुद्रातून आनलं," असं तिनं सांगितलं तेव्हा मी दुसरीकडे पाहत राहिले, कारण चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

मग मी माती खाल्ली.

जाळ्याखालची पानं थोडी जास्तच झाली होती, वाऱ्यानं उडून वर फुलांत येत होती. मी ती रोपाभोवतीची सोडून बाकीची दाताळ्यानं ओढली आणि शेजारच्या बांधीत ढीग केला. भर चैत्रातली दुपार. बांधीत धानाची वाळकी धसकटं. हे सगळं मला दिसत होतं. आणि तरी, मोहाची पानं गोळा केली की पुढे काय करायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. आईची आगपेटी टोपलीत पडली होती. काडी मी ओढली. कोणाच्या सांगण्यावरून नाही, रागानं नाही, विचार करूनही नाही. हात गेला आणि ओढली.

ढीग भडकला, वारा वळला आणि जाळ धसकटांमधून सरसर धुऱ्याकडे गेला. मी ओरडले. आई विहिरीपाशी होती, ती पळत आली, त्या गुडघ्यांनी पळत. कडुलिंबाच्या फांद्या मोडून आम्ही झोडपत होतो. जाळं पेटलं नाही, वितळलं. थेंब थेंब गळत खाली पडलं, फुलांसकट. मग मोहाच्या पोकळ खोडातून धूर यायला लागला. आई किंचाळली, "चिखल आन! चिखल!" विहिरीच्या डोणीपासचा ओला चिखल घमेल्यात भरभरून आम्ही त्या ढोलीत कोंबत राहिलो, हात भाजत होते तरी. किती वेळ, सांगता येत नाही. धूर थांबला तेव्हा झाड उभं होतं. रोप नव्हतं.

मी राखेत बसले आणि भोकाड पसरून रडले. बेचाळीस नव्हे, त्रेचाळीस वर्षांची बाई. आदल्या वर्षी मी आईला जे जे बोलले होते, ते सगळं आता माझ्या अंगावर टाकायचा तिला हक्क होता. ती शेजारी बसली, काळ्या झालेल्या हातांनी. म्हणाली, "म्याही तं असंच केलतं." बस, एवढंच.

मी मनाशी म्हटलं, पुन्हा लावीन. पावसाळ्यात पुन्हा रोपं आणीन, चार आणीन. जिद्द सुटली नव्हती, पण तिच्यात आता आदल्या वर्षीचा तोरा उरला नव्हता. रोज सकाळी जाऊन मी धुऱ्यावरची राख सारखी करायची, वितळलेल्या जाळ्याचे गोळे वेचायची, मधला उरलेला तुकडा घडी करून ठेवायची. आई माझ्याबरोबर यायची.

वैशाख लागला आणि एके सकाळी ती पुढे चालत होती. "अव माय!" नेहमीच्या जागी तिच्या अंगठ्याला ठेच. मी शिव्यांची वाट पाहिली. शिव्या आल्या नाहीत.

"इकडं ये," आई म्हणाली.

त्या काळ्या खुंटाच्या कडेला, राखेतून, दोन पानं वर आली होती. तांबूस, चकचकीत, करंगळीएवढी. मोहाची नवी पालवी अशीच तांब्याच्या रंगाची असते. आईनं मांडी घालून बसत खुरपी मागितली आणि भोवतालची माती अलगद उकरायला लागली. एक बोट, दोन बोटं, वीतभर. खाली मूळ होतं. मला वाटलं होतं काडीएवढं असेल. ते माझ्या मनगटापेक्षा जाड होतं, गाठीगाठींचं, आणि प्रत्येक गाठीवर जुन्या जळाचा काळा डाग.

"हे दरसाल उगवते," आई म्हणाली. "दरसाल पाहातो मी. दोन पानं, चार पानं. मले वाटे, असंच काही झुडूप आहे. फाल्गुनात जाळलं का खुंट राह्यते अन् मले टोचते." ती थांबली. "तुले पाठीशी बांधून फुलं वेचत होतो, तवाही टोचत होता. हाच. याच जागी."

मी त्या गाठींवरून बोट फिरवलं. म्हणजे हे दोन पानांचं पोर माझ्याएवढं होतं. माझ्याहून थोडं मोठंच. दरवर्षी आम्ही त्याला जाळत होतो आणि दरवर्षी ते खालून पुन्हा सुरू करत होतं, त्याच दोन पानांपासून. आपोआप येते, आई म्हणाली होती. ते खरंच आलं होतं. आम्हीच त्याला वर येऊ देत नव्हतो.

सिमेंटवरची ती पिल्लं मला आठवली. मुशीला मूळ नसतं. ती पिल्लं गेली ती गेली, त्यांच्यासाठी आता काही करता येत नाही, मी राखेत कितीही बसले तरी. कॅलेंडरच्या त्या पानावर मधली रेघ मारताना हा फरक मी लिहिला नव्हता, कारण मला ठाऊकच नव्हता. इथे मात्र मूळ होतं, माझ्या हाताखाली, ओलसर, जिवंत.

आईनं माती परत ढकलून दाबली. जाळ्याचा उरलेला तुकडा माझ्या खांद्यावर होता, तो ओढून घेऊन तिनं त्या दोन पानांभोवती धरून पाहिला, पुरतो का. पुरत होता.

"हा मोठा व्हाले, फुलावर याले किती वर्ष लागन?" तिनं विचारलं.

"मूळ तयार आहे. जाळलं नाही, शेळी आली नाही, तरी दहा-बारा."

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं, बराच वेळ. मग कमरेची आगपेटी काढून माझ्या हातात दिली.

"म्हंजे बारा वर्ष मले मरता येत नाही," ती म्हणाली. "ऊठ. बाभळीचे काटे आन."